चाळीस गॅलन, एक गॅलन

सोमवार गेलाच.
रात्री गोठलं नाही, दिवसा ऊन पडलं नाही,
रस झाडांत अडून बसला, आणि आम्ही घरात,
पातेल्याच्या बुडाला लागलेल्या लापशीसारखे.
फळ्यावर तारीख गेल्या शुक्रवारची
आणि एझ्राचं एक उलटं अक्षर,
जे पुसायला माझा हात धजत नव्हता.

मंगळवारी पहाटे अंगणातल्या चिखलाचा दगड झाला,
दहा वाजता त्या दगडाचा पुन्हा चिखल.
लेलंडनं काचेवर टकटक केलं. "सुरू झालंय."
व्हरमॉन्टच्या मार्चमध्ये तो याहून लांब वाक्य बोलत नाही.

भूगोल राहिला. शुद्धलेखन राहिलं.
एकशे चाळीस बादल्या, तीन मुलं, एक खोकणारा ट्रॅक्टर.
मेपलच्या गुऱ्हाळात, काहिलीशेजारी, टॅबिथानं गणित मांडलं:
चाळीस गॅलन रस, तेव्हा एक गॅलन पाक.
"मग एकोणचाळीस गेले कुठं?" जूनी, वय वर्षं पाच.
मी छपराच्या फटीकडं बोट दाखवलं.
ती बराच वेळ वर बघत राहिली.
"ढगांना मुंग्या लागतील."
नोंदवहीत मी लिहिलं: बाष्पीभवन, पंचेचाळीस मिनिटं.

नोंदवही कुणासाठी, असं लेलंड विचारतो.
सरकारसाठी, म्हणते. खरं तर कोरिनसाठी.
नणंद माझी, गावच्या शाळेत तिसरीला शिकवते.
कधी एका शब्दानं बोलली नाही.
फक्त रविवारी जेवताना, बटाटे पुढं सरकवत,
एझ्राला हळूच विचारते: "सात आठे?"

बुधवारी मी ओरडले.
तेच पान, तोच शब्द, चौथ्यांदा.
अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढून मासोळ्यांसारखी सुळकन निसटतात.
पेन्सिल मी फेकली, त्यानं नाही.
शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी आईकडं येतं.
माझ्या मुलानं कुठं जावं?

तो गुऱ्हाळात गेला. काहिलीपाशी डोळे मिटून बसला,
आणि बुडबुड्यांचा आवाज जाड झाला तसा
बापाच्या आधी, थर्मामीटरच्या आधी म्हणाला, "आता काढा."
हे कुठल्या विषयात लिहायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवारी आमच्या वळणावर पिवळी बस रुतली.
लेलंड साखळी घेऊन गेला, मागून आमची वरात.
खिडक्यांत अकरा तोंडं.
टॅबिथानं कुंपणाकडेच्या उरल्यासुरल्या बर्फावर
गरम पाक ओतला, सगळ्यांना वाटला.
एका मुलीच्या वेणीला तो चिकटला, आणि दोघी हसल्या.
बारा वर्षं मी हिला ओळखते. ते हसू मला नवीन होतं.
बस निघाली. ही वळणाकडं बघत उभी,
हातात रिकामी पळी.

रात्री तिनं माझ्यापुढं कागद ठेवला.
मीच शिकवलं होतं: मत असेल तर दोन रकाने आख.
सप्टेंबरपासून शाळेत जावं. बाजूनं सात कारणं.
विरुद्ध तीन, आणि चौथं खोडलेलं,
इतकं गिचमिड, की दिव्यासमोर धरलं तरच वाचता यावं.
मी धरलं नाही.

नोंदवही. गुरुवार. समाजशास्त्र, चाळीस मिनिटं.
लेखन, एक पान. चुका नाहीत.

शुक्रवार, शनिवार नुसती वाफ.
केसांत, उशीत, जूनीच्या बाहुलीत.

रविवारी कोरिननं बटाटे पुढं सरकवले. "सात आठे?"
"छप्पन्न," एझ्रा म्हणाला, "आणि आत काहीतरी करपतंय."
करपत होतं.

जेवणं झाल्यावर ती बशा धूत होती, मी पुसत होते.
"सातवीला कोण शिकवतं?" मी हातातल्या बशीला विचारलं.
तिनं नळ मोठा केला, मग बारीक,
मग बंद.
"खुर्ची ओढ," म्हणाली.