दशा

गोरेवाड्याच्या बांधावरची काळी माती, चमचाभर.
सातव्या दिवशी थाळीत
खडूच्या भुकटीसारखे ठिपके,
झाकण उघडलं की तळघराचा वास.

बहुतेक जिवाणूंचं गुणसूत्र गोल, बांगडीसारखं;
टोकच नाही तर काळजी कसली.
याचा मात्र सरळ दोरा.
नक्कल मधून निघते, दोन्हीकडे धावते
आणि दर खेपेला टोकाशी
थोडं विणायचं राहूनच जातं.
तिथे एक प्रथिन बसलेलं, चिकटून.
राहिलेलं ते भरून घेतं.
धाकट्या दोऱ्याचं, प्लाझ्मिडचंही तसंच.

गोळीबार चौकात बाबांचा माग होता.
जुन्या ताण्याच्या दशा फणीतून काढायचे नाहीत,
बोटांना राख लावून
नवा धागा एकेक पिळून सांधायचे.
"टोक राखलं का थान कुठं जात नाही, बाई."

काल एक वसाहत सापडली, टोकं झडलेली.
मेली नव्हती.
तुटकी तोंडं एकमेकांत घालून
गोल झाली होती. वर बीजाणू नव्हते, टक्कल.

मी वहीत लिहिलं : जिवंत.

माग विकल्यावर बाबाही होते की,
नऊ वर्षं.
सकाळी चुलीपाशी बसून
बोटांना राख लावायचे.