चार नंबर

सहा नंबरच्या खाली येतच नाहीत,
स्टोअरवाला म्हणाला,
दोन मोजे घाल, सगळ्याच घालतात.
सगळ्याच म्हणजे मी
आणि क्रेन चालवणारी ब्रॉन्विन.

पाच वर्षं मी त्या बुटांत राहिले, भाडेकरूसारखी.
टाचेमागे घडी घातलेला पेपर,
आणि पुढे, बोटं संपल्यावर
दीड इंच रिकाम्या जागेवर पोलादी वाटी,
कुठल्यातरी नसलेल्या माणसाच्या अंगठ्याची राखण करत.
शिडीवर आधी पाय पोचायचा,
बूट मागाहून.

कॉर्बीच्या गोदामाच्या साईटवर
एकदा तो पोचलाच नाही.
फॉर्मवर कारण लिहिलं: पाऊल चुकलं.
बुटाला कुणी काही विचारलं नाही.

घोटा प्लास्टरमध्ये, वर जिप्समची धूळ.
आत्याची आठवण झाली.
लग्नानंतर सातव्या महिन्यात तिला म्हणाले होते
पांढऱ्या पायाची.
मी तर रोज संध्याकाळी पांढरे पाय घेऊन घरी येते, आत्या,
आणि सकाळी भिंत उभी असते.

डोरीन टेबट मला रश्डनमध्ये भेटली.
एक्केचाळीस वर्षं कारखान्यात वरचं चामडं शिवलं तिनं,
कारखाना बंद झाला तेव्हा
भंगारात निघालेली कालबुतं
नवऱ्याच्या गाडीतून तीन खेपांत घरी आणली.
अजून गॅरेजमध्ये आहेत, लाकडी पावलं,
भिंतीला टेकून, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी.
सगळी पुरुषांची.

तिनं माझा पाय उचलून मांडीवर घेतला.
आमच्याकडे मोठ्यांचे पाय धरतात,
आणि ही सत्तरीची बाई
माझी भेगाळलेली टाच तळव्यावर तोलत होती.
मी पाय मागे ओढला.
हलू नकोस, म्हणाली,
आणि विजेच्या बिलाच्या पाकिटावर
पेन्सिल फिरवली, गुदगुल्या होतील इतकी सावकाश.
टाच अरुंद. कमान उंच. इथं रुंदी.
मग त्या लाकडी पावलांकडे बघून
एक शिवी दिली, जुन्या ओळखीनं.

बँकेच्या पायऱ्या झिजवल्या
अजून न बनलेल्या बुटांसाठी.
तिथला तरुण पोरगा चांगला होता बिचारा,
चहा विचारला,
मग विचारलं, गुलाबी असतील ना?

चाचणीत वाटीखाली मातीचं एक बोट ठेवतात
आणि वरून वीस किलोचं वजन सोडतात.
पहिल्यांदा बोटाची भाकरी झाली.
दुसऱ्यांदाही.
डोरीन घरी जाईपर्यंत बोलली नाही.
त्या रात्री मी गहाण टाकलेल्या बांगड्यांचे पैसे
चारदा मोजले, ते तेवढेच निघाले.
तिसऱ्यांदा बोट जरा दबलं,
पण उभं राहिलं.
ते आता तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
पुदिन्याच्या कुंडीशेजारी. तडा गेलाय. फेकू देत नाही.

बासष्ट जोड गेले, नऊ परत आले, शिवण उसवून.
ती सगळी पुन्हा शिवली तिनं, नावानिशी शरमून.

आणि आज हार्टलपूलहून पत्र.
जहाजावर वेल्डिंग करणारी कुणी एक,
अडीच नंबर होईल का विचारते,
सोबत कागदावर काढलेलं पाऊल,
कडेला ग्रीसचा डाग.
आई गौरीची पावलं काढायची
ती दारातून आत येणारी.
हे पाऊल मी टेबलावर कसंही फिरवलं
तरी बाहेरच निघालेलं दिसतं.

एकच पाठवलंय, डावं.
खाली लिहिलंय, उजवंही असंच आहे.

डोरीननं चष्मा वर केला.
नसतं, म्हणाली.
कधीच नसतं.
दुसरा कागद मागव.