दोन चौदा

अमारिलोच्या ट्रक-थांब्यावर, सतरा नंबरच्या पट्ट्यात
इंजिन बंद करून बसलेय मी,
व्हर्लीन स्ट्राउड, वय एकावन्न.
मागे त्रेपन्न फुटी रिकामा ट्रेलर,
मांडीवर भाचीची शाळेची वही.
पहिल्या पानावर तिचा घोडा.

दुसऱ्या पानापासून माझा हिशेब.
हप्ता, विमा, परवाने: महिन्याचे तीन हजार सातशे पन्नास,
भागिले नऊ हजार मैल. बेचाळीस सेंट.
डिझेल साठ. टायर पाच.
दुरुस्तीला पंधरा, त्या पंधरावर माझा विश्वास नाही.
एकूण एक बावीस.

बारा वर्षं मी इथेच रेघ मारून वही मिटायचे.
मैलामागे एक बावीसच्या वर जे येईल ते आपलं,
आणि यायचंही थोडंफार,
जेमतेम सूप आणि मोजे.

युस्टेस बोमन तर वहीच ठेवायचा नाही.
चाक फिरतंय ना, म्हणायचा, मग झालं.
मिळेल तो माल, मिळेल त्या भावाला,
एक दिवस रिकामा बसला नाही तो.
रॅटनच्या घाटात गिअरबॉक्स गेला
तेव्हा खिशात टोइंगपुरतेही नव्हते.
बसून बुडतात माणसं असं ऐकलं होतं.
हा चालता चालता बुडाला.
त्याच्या बर्फातल्या साखळ्या मी चाळीस डॉलरना घेतल्या.
घासाघीस केली नाही.

त्या रात्री वही पुन्हा उघडली.
ग्रीसला रकाना होता,
काच पुसायच्या निळ्या पाण्यालाही होता.
माझी पाठ, माझे गुडघे,
पहाटे तीनला उघडे ठेवलेले डोळे
यांना नव्हता.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या,
आणि लष्कराला नावही ठाऊक नाही माझं.

मग लिहिलं: व्हर्लीन, साठ सेंट.
लिहिताना खिडकीबाहेर पाहिलं, कुणी बघत नाही ना.
एक ब्याऐंशी.
शंभरातले पंधरा मैल रिकामे जातात,
रिकामा मैलही डिझेल पितोच,
त्याचं बिल भरल्या मैलांच्या माथी.
दोन चौदा.
चिकटपट्टीवर लिहून स्पीडोमीटरशेजारी लावलं.

काल शिकागोहून टॅनर नावाच्या दलालाचा फोन.
आवाज कोवळा, नुकतं दाढी करू लागलेल्याचा.
तुल्सा, तीनशे पासष्ट मैल, कुत्र्यांचं खाणं.
एक सत्तर, मॅम. बाजारच तसा आहे.
मी म्हटलं, दोन चौदा.
तो हसला, वाईट नाही हसला.
कुणीतरी घेईलच, म्हणाला.

खरंच आहे. कुणीतरी घेतंच.
संध्याकाळी एक हिरवा पीटरबिल्ट पूर्वेला गेला,
कुत्र्यांचं खाणं त्यातच असेल, नसेलही.
ड्रायव्हरने हात केला, मीही केला.
त्याच्या वहीत त्याचं नाव आहे का
हे काही हात करून विचारता येत नाही.

उभं राहणंही फुकट नाही.
रोजचे सव्वाशे, हेही वहीत आहे.
आकडा धीर देत नसतो,
तो फक्त डोळा मारत नाही, एवढंच.

आज दुपारी पुन्हा टॅनर.
कालचाच रस्ता, दुसरा माल. दोन पाच, मॅम. शेवटचं.
नऊ सेंट कमी. तीनशे पासष्टवर तेहतीस डॉलर होतात.
अजून एक दिवस थांबले तर सव्वाशे जातील.
घे म्हणतंय गणित, आणि गणित माझंच आहे.
साठातलेच जाणार होते ते नऊ. डिझेल कशाला सोडेल?

दोन चौदा, मी म्हटलं.
आवाज जरा हलला माझा, त्याला कळलं असणार.
थांबा हं, म्हणाला तो, विचारून सांगतो,
आणि फोनवर कसलंसं पियानोचं सुरू झालं.

वही उलटून पहिल्या पानावर आलेय.
भाचीच्या घोड्याला पाच पाय आहेत.
चुकलं का गं, विचारलं होतं मी.
नाही, म्हणाली. एखादा दमला तर?

पियानो वाजतोय.