किल्ल्या

रणपिसे सिस्टरांनी किल्ल्या हातात दिल्या,
गॉजच्या पट्टीत ओवलेल्या, तीन,
आणि म्हणाल्या, "फ्रिजची जरा वर उचलून फिरव."
बस. एवढंच.
तीन महिने जिच्याकडे बघून शिकले
ती पाठ जिना उतरत गेली,
डावा गुडघा जपत.

बोर्डावर मार्करनं माझं नाव:
रात्रपाळी – शेवंता घोलप. बेड चौदा.
खाली दुसरं नाव नाही.
मी उगाच मार्कर घेऊन
घोलपमधला पुसट 'प' पुन्हा गिरवला.

रास्ता पेठेतल्या या इमारतीला रात्री आवाज फार.
ट्रॉलीचं एक चाक कण्हतं,
पॉवरहाउसच्या चौकात रिक्षा गिअर बदलते.
कालपर्यंत हे ऐकू येत नव्हतं;
कालपर्यंत कुणीतरी दुसरं ऐकत होतं.

इन्सुलिन भरलं, सवयीनं सिरिंज
उजेडाकडे, मग डावीकडे धरली –
"सिस्टर, आठ युनिट, बरोबर?"
डावीकडे सलाइनचा स्टँड.
मग मीच मला विचारलं, मोठ्यानं,
आणि मीच हो म्हणाले.
दोन नंबरच्या आजी म्हणाल्या, "कुणाशी बोलतीस गं?"

तीन वाजता, बेड नऊ.
ढमढेरेकाका म्हणाले, "काही नाही, जरा उकडतंय,"
पण हात गार होता,
गार आणि ओला, माठाच्या पोटासारखा.
नाडी एकशे चोवीस. वरचं बीपी नव्वद.
ड्रेसिंग कोरडं. लघवीच्या पिशवीत
अजून दहा वाजताचीच रेघ.
पुस्तकात हे सगळं एका ओळीत होतं.
इथं त्याला कॉटखाली घोरणारा मुलगा होता,
चपला उशाला घेतलेला.

डॉक्टर फोनवर, झोपेतून:
"पाचशे सलाइन सोड, सकाळी बघतो."
सलाइन सोडलं.
मी रणपिसे सिस्टरांचा नंबर काढला.
बघितला. ठेवून दिला.
त्यांना उठवून काय ऐकायचं होतं मला?
मला माहीत होतं, तेच.
पुन्हा फोन लावला. "सर, आतून रक्त जातंय असं वाटतं.
तुम्ही आत्ता या. मी वेळ लिहून ठेवतीये."
आवाज माझाच होता.
गुडघे मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी.

ते चिडून आले. पोटाला हात लावला,
मग चिडले नाहीत.
साडेचारला काकांना ओटीत नेलं.
मुलगा म्हणाला, "वाचतील ना?"
मी त्याला चपला घालायला सांगितलं.

सकाळी ओव्हर देताना सगळं दिलं,
पिशवीतल्या रेघेसकट.
बस गाडीतळाला लागली,
उतरताना खिशात काहीतरी वाजलं.
तीन.
वॉर्डातलं सगळं मॉर्फिन कुलपात
आणि मी हडपसरला.

उलट्या बसनं, उभ्यानं, परत.
गेटवर रणपिसे सिस्टर, हात पुढं करून.
"ढमढेरे आयसीयूत आहेत. शुद्धीवर."
मग किल्ल्या मुठीत घेत,
"मी तर पहिल्या रात्री लोणंदपर्यंत नेल्या होत्या.
चहा झाला का तुझा?"