समासासकट

मकवालाच्या वह्या गुराम घेऊन आला
बटाट्याच्या पोत्यातून,
कुताइसीच्या पुलाजवळ, माझ्या दुकानात.
म्हणाला, आईची बरी बरी चित्रं निवड, चौकटी कर,
आणि कडा जरा साफ कापून टाक.

चाळीस वर्षं मी लाकडाला काटकोन शिकवतोय.
आणि ही बाई!
बाजारातल्या घोड्याला पाच पाय.
घोडा हलला, तिने नवा पाय काढला,
जुना खोडला नाही.
मी एकदा विचारलं होतं, यातला चुकीचा कुठला?
म्हणाली, घोड्याला विचार.

डावखुरी होती.
पानोपानी शिसाचा करडा फराटा,
रेघ पुढे, मागून तळवा पुसत चाललेला.
कित्येक वर्षं मी त्याला
रिओनीवरचं धुकं समजत होतो.

चीज विकणारी एतेरी:
नाक तीनदा शोधलंय,
तिसऱ्यांदाही सापडलेलं नाही.
पण मानेवरून खांद्याकडे उतरलेली ती रेघ
एका दमात थेट कागदाबाहेर गेली,
उरलेली टेबलावर राहिली असणार.
ते टेबल कुणाकडे गेलं, कोण जाणे.

नगरपालिकेत तिचं तैलचित्र आहे, एका साहेबाचं.
कोटाची बटणं मोजून घ्या, एकही कमी नाही.
त्या माणसाला आयुष्यात कधी
शिंक आली असेल असं वाटत नाही.

आणि हे कुत्रं:
दोन कान, पाठीचा बाक, बस.
मध्येच उठून गेलेलं.
शेपटीच्या जागी, त्याच पेन्सिलीने, घाईघाईत:
मीठ. आगपेटी. गुरामला फोन.

मी पान त्याच्यापुढे सरकवलं.
म्हटलं, कडा साफ करायची
तर इथून कापावं लागेल.
त्याने वाकून वाचलं.
बाहेर कुणीतरी पिंपं उतरवत होतं,
तो आवाज बराच वेळ चालला.
मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,
केला होता का तिने?

मला काय ठाऊक.
मी सुरी खणात ठेवली.

कुत्र्याचं पान तो तसंच घेऊन गेला,
काच नको म्हणाला.
घोडा माझ्याकडे आहे.
त्याची चौकट चार बोटं रुंद धरलीय,
कोपरा एक जरासा उघडा राहिला,
राहू दे.
तो अजून नीट उभा राहिलेला नाही.