शेवटचा हातभर पट्टा

विश्रामबागेत उभी होती पिवळी,
दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली.
मगदुमांचा अनमोल म्हणाला, एकहाती आहे, दादा.
मी रंगातच विकलो गेलो होतो.

शिकलगार मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही.
गुडघे टेकून गालिच्याचा वास घेतला,
सीटखालच्या रुळावरून बोट फिरवलं.
बोट तांबडं.
"आमी यायच्या आदी तापवून ठिवलीस व्हय रं?"
एवढंच विचारलं.

मग सीटबेल्ट ओढला, ओढतच राहिले,
रोजच्या वापरात कुणी ओढत नाही तिथवर.
शेवटच्या हातभर पट्ट्यावर
फिकट, मातकट रेघ.

कृष्णा.

हीच रेघ आमच्या गावभागातल्या जिन्यावर,
पाचव्या पायरीशी, दोनदा चुना मारूनही.
मिस्त्रींच्या गॅरेजात पान्यांच्या फळीच्या वर.
आम्ही तिघेही तिच्याकडे बघत राहिलो
ओळखीचं माणूस भलत्या गावात भेटावं तसे.

"आज्जाला खांद्यावर घेतलं," अनमोल म्हणाला,
"परत यायला होडी मिळाली नाही."

मिस्त्रींनी पट्टा सोडला.
तो सरकन गेला नाही आत.
थांबत, कुरकुरत,
वाळू चावत गेला.