खसखस जाईल, मोहरी अडकेल

उद्यमनगरात, लेथच्या पाठीमागच्या फळीवर
तीन कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून ठेवलेत:
सव्वीस, अठ्ठावीस, चौतीस.
मैनाज शिकलगार सरळ चौतीसला हात घालते.
बावीस वर्षांची, वजन अठ्ठेचाळीस,
बापाच्या टेम्पोचा हप्ता भागवून उरलेल्या पैशात
जुनी टू-स्ट्रोक घेतलेली.
"मामा, तोंड मोठं तेवढी हवा जास्त."

व्हय. आणि तोंड मोठं असलं
की घासाची घाई जाते.
हवा रमतगमत आत येते, बाजारात आल्यागत,
पेट्रोलला ओढून न्यायचंच विसरते.
हिरवा दिवा लागतो, तू मूठ पिळतेस
आणि गाडी आधी आवंढा गिळते.
चारशे मीटरात आवंढ्याला जागा नाही, पोरी.
अठ्ठावीस घे.

ती रुसली. पण फडकं सोडलं.

फ्लोटची उंची मी मोजली, तिनं पुन्हा मोजली.
सुईची क्लिप वरून तिसऱ्या खाचेत.
मेन जेट ट्यूबलाइटकडं धरून दाखवला:
बघ, ह्या भोकातून खसखस जाईल,
मोहरी अडकेल.
सगळा खेळ एवढ्यावर.

माझा बाप वडणग्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता.
थर्मामीटर त्यानं फक्त दवाखान्यात बघितला.
उकळता पाक थेंबभर पाण्यात सोडायचा,
बोटांत गोळी वळून परातीवर मारायचा,
आवाज ऐकून म्हणायचा, उतरवा.
तेवढ्या शब्दावर चार गडी काहिलीला भिडायचे.
मला वाटायचं, मी त्याच्याकडनं काहीच घेतलं नाही.

पण प्लग बघताना मी त्याच्यासारखाच वाकतो.
भरल्या मुठीत इंजिन तोडायचं,
क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची,
मग गरम प्लग फडक्यात धरून वाचायचा.
ओला, काळा, काकवीसारखा: पेट्रोल जास्त.
चुन्यासारखा पांढरा: उपाशी, जळणार.
मधला रंग कुठल्याच पुस्तकात नीट छापलेला नाही.
मी म्हणतो, नुकत्या फोडलेल्या ढेपेचा.
मैनाज म्हणते, अम्मीच्या चहाचा.

माळावरच्या पट्टीवर सकाळी गारठा, हवा घट्ट.
एकशे पंचवीस लावला.
एरंडेलाचा धूर, मागच्या चाकाची किंकाळी,
आणि चौदा सेकंदांच्या आत ती तिकडं पोचलेली,
हेल्मेट काढून उगाचच आभाळाकडं बघत.

दुपारी ऊन चढलं, हवा पातळ झाली.
वरच्या गिअरला गाडी बडबडायला लागली.
एकशे वीस. बडबड थांबली.
प्लग चहाचा, ढेपेचा, दोघांच्याही मनासारखा.
तिथं थांबायचं होतं.

शेवटची फेरी इचलकरंजीच्या पोराशी.
त्याच्याकडं चौतीस, आणि तो जिंकत आलेला.
माझं पुस्तक बाजूला ठेवून.
मैनाज काही बोलली नाही.
एकशे पंधरा मी घातला. मीच.

सुटली तेव्हा ती पुढं होती.
तीनशे मीटरवर इंजिन असं गायलं
की मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही,
आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला.
करपायच्या आधी पाकाला सगळ्यात गोड वास सुटतो.
बाप सांगायचा.

मग काहीच आवाज नाही.
तिची दोन बोटं क्लचवरच होती.
चाक धरलं नाही. ती घरंगळत आली, दुसरी.

प्लग तिनंच काढला.
पांढरा, त्यावर बारीक चांदीचे ठिपके.
"मामा, हे चमकतंय ते काय?"
पिस्टन.

शिरोलीचा पूल येईपर्यंत टेम्पोत कोणी बोललं नाही.
बापानं एकदा अख्खी काहील करपवली होती.
मालकाला काही न सांगता
रात्रभर राखेनं घासत बसला होता, ते मला आठवत होतं.
खाली पंचगंगा, तिचा अंधार.

"एकशे वीसच बरोबर होता," ती म्हणाली.
व्हय.
"बोअर करायला किती घेतील?"
उद्या सकाळी विचारू.
तिनं मूठ उघडली.
एकशे पंधराचा जेट तिच्या तळहातात,
तोच उजेडाला धरून ती आरपार बघत होती.